एका अळीचं चोवीस पानी पुस्तक

मुलांसाठी निसर्गाचं पुस्तक करायचं ठरलं की बहुतेकांना 'आपली फुलपाखरं' किंवा 'आपले पक्षी' असाच विषय सुचतो. एवढा पसारा २४ पानांत मावत नाही. पानावर एक चित्र, खाली दोन ओळी माहिती, असं करत शेवटी भिंतीवरचा तक्ता तयार होतो. त्यापेक्षा एकच जीव घ्या, एकच झाड घ्या. इथे लिंबू फुलपाखराचं उदाहरण घेतलं आहे, कारण पुण्यात त्यासाठी वेताळ टेकडी चढायची गरज नाही. बाल्कनीतल्या कुंडीतला कढीपत्ता पुरतो.

पाऊस सुरू झाला की कोवळी पालवी रोज बघायला लागा. झाडावर कसलीही फवारणी नको. अंडं फिकट पिवळं, गोल, साधारण मोहरीच्या दाण्याहून लहान असतं आणि एकेकटं घातलेलं असतं. ४-५ अळ्यांवर एकदम लक्ष ठेवा. एखादी पक्षी नेतो, एखाद्या कोशातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशा निघतात. रोज ठरलेल्या वेळी एक रेखाटन आणि एक फोटो घ्या. फोटोत शेजारी पट्टी ठेवाच. मोबाइल फार जवळ नेला की पुढचं डोकं फुगतं आणि मागचं शरीर आखडतं, म्हणून प्रमाण नेहमी पट्टीवरून घ्यायचं, फोटोवरून नाही.

एक मोठी गफलत इथेच होते. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन हे दुसरं फुलपाखरूही अंडी घालतं आणि लहानपणी दोघांच्या अळ्या जवळजवळ सारख्या दिसतात. फुलपाखरू बाहेर येईपर्यंत नाव पक्कं करू नका. शंका उरलीच तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. तारखेसकट फोटो घेऊन विचारता येतं.

आता चित्रं. नेमक्या याच ठिकाणी चांगले चित्रकारसुद्धा चुकतात, आणि मूल ती चूक खरी मानून मोठं होतं.

अळी चार वेळा कात टाकते. पहिल्या चार अवस्थांत ती काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा असलेली, थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. पाचव्या अवस्थेत हिरवी होते. खरे पाय तीन जोड्या, छातीला. मागे पोटाला मऊ, गुबगुबीत पायांच्या पाच जोड्या, त्यातली एक अगदी शेवटी. सगळीकडे सारखेच पाय काढले की ती गोम वाटते. हिरव्या अळीच्या फुगीर भागावर डोळ्यांसारख्या खुणा असतात, पण ते डोळे नव्हेत. खरं डोकं त्याच्या पुढे, खाली दडलेलं असतं आणि डोळे बारीक ठिपक्यांएवढे. डिवचल्यावर डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर येतं, उग्र वास येतो आणि ते पुन्हा आत जातं. ते प्रत्येक चित्रात काढू नका.

कोशाचं चित्र तर सर्रास उलटं छापलं जातं. इंटरनेटवर दिसणारे कितीतरी कोश दुसऱ्या कुळातल्या फुलपाखरांचे असतात. ते शेपटीकडून खाली लोंबतात. लिंबू फुलपाखराचा कोश डोकं वर करून, शेपटीशी चिकटलेला आणि कमरेला रेशमाचा धागा बांधलेला असतो. तो धागा काढायला विसरू नका, कारण मुलाला सगळ्यात जास्त तोच आवडतो. बाहेर पडलेलं फुलपाखरू लगेच उडत नाही. पंख ओल्या कापडासारखे चुरगळलेले असतात, ते लोंबत सोडून बराच वेळ बसून राहतं. या एका गोष्टीला दोन जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या दोन जोड्या, द्या.

ए-फोरचे ६ कागद मधोमध दुमडून पिन मारा. झाली २४ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. पान १ शीर्षकाला, २४ पालकांसाठीच्या माहितीला. श्रेयपान कव्हरच्या आत जाईल. सेंटर पिनच्या पुस्तकात १२-१३ हे एकच जोडपान सलग कागदावर येतं, म्हणून शिंग काढलेली हिरवी अळी तिथे, अख्ख्या रुंदीवर. बाकीच्या जोडपानांवर दुमडीच्या दोन्ही बाजूंना १०-१२ मिमीत डोकं, डोळा, अक्षर काहीही नको.

मजकूर जोडपानाला २५ ते ४० शब्द. चित्रात दिसतंय ते शब्दांत पुन्हा सांगायचं नाही. 'अळी हिरवी आहे' हे वाक्य काढा. 'काल ती अशी नव्हती' हे ठेवा. 'अळी पक्ष्याला फसवण्यासाठी असा रंग घेते' हेही नको, कारण अळी काही ठरवत नाही. 'पक्ष्याला ती शीट वाटते, तो पुढे जातो' हे खरं आहे आणि सोपंही. मग डमी दोन-तीन मुलांना वाचून दाखवा आणि स्वतः काही समजावू नका. मूल जिथे पान मागे उलटतं, तिथे तुमचा क्रम तुटला आहे.

मूळ चित्रं ३०० जीएसएमच्या (म्हणजे जाड) जलरंग कागदावर, छपाईच्या मापाच्या सव्वापट काढा; अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कागद हाताळून घेता येतो. स्कॅन ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. फिकट पिवळा स्कॅनमध्ये उडतो, त्यामुळे अंड्याला कडेने हलकी सावली द्या. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड सोडा, म्हणजे चित्र कापायच्या रेषेबाहेर तेवढं जास्त ठेवा.

अक्षर १८ ते २० पॉइंट, दोन ओळींत अंतर ऐसपैस. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांतून बनवलेला काळा जरा सरकला की बारीक अक्षरांना रंगीत कडा येते. छापखान्यात युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलला की रफार आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांत बदलूनच, पीडीएफ द्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी संस्थेकडून ऑनलाइन, मोफत मिळतो. अर्ज आधीच करून ठेवा.

शे-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल, हजाराच्या पुढे ऑफसेट. प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, मात्र ज्या कागदावर पुस्तक छापणार त्याच कागदावर मागा. स्क्रीनवरचा झळाळता हिरवा छपाईच्या चार शायांत येतच नाही, शेवाळी होतो. प्रूफ बघायला जाताना कढीपत्त्याची ताजी डहाळी सोबत न्या, दाराबाहेर उजेडात पानाशेजारी धरा आणि हिरव्यात किंचित पिवळा वाढवायचा की किरमिजी कमी करायचा ते तिथेच ठरवून घ्या.