टॅली लॉक व्हायच्या आधी काय करून ठेवायचं: आपल्या खान्देशातल्या धंदेवाल्यांसाठी

जळगाव एमआयडीसीतली दालमिल घ्या, धुळ्याकडची जिनिंग घ्या नाहीतर नंदुरबारचा मिरचीचा व्यापारी घ्या, सगळा धंदा बहुतेक ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर असतो, त्यातच टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, पार्ट्यांची उधारी, स्टॉक सगळं. बॅकअप आहे का विचारलं की उत्तर येतं, आहे ना भो, हार्डडिस्क मागे लावलेलीच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ती लावलेली आहे म्हणूनच तो बॅकअप नाही. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून सोडवायचे पैसे मागणारा व्हायरस, आत शिरलं की त्या मशीनला जे जे दिसतं ते सगळं लॉक करतं, डी ड्राइव्ह, लॅनवर शेअर केलेलं फोल्डर, मागे लावलेली डिस्क, पेनड्राइव्ह, आणि विंडोज स्वतः ज्या जुन्या कॉपी ठेवतं त्या तर बहुतेक आधीच उडवून टाकतं.

म्हणून पहिलं काम, दोन डिस्क घ्या. संध्याकाळी टॅलीत ऑल्ट वाय दाबून बॅकअप घ्यायचा, डिस्कवर टाकायचा आणि डिस्क काढून कपाटात, दुसऱ्या दिवशी दुसरी डिस्क, आणि एक कायम घरी राहिली पाहिजे कारण आग किंवा चोरी झाली तर ऑफिसातल्या दोन्ही जातात. महिनाअखेरची एक कॉपी वेगळी ठेवा आणि तिच्यावर परत काही टाकू नका, कारण रॅन्समवेअर सोडणारे लोक कधीकधी आत शिरून बरेच दिवस गप्प बसतात, कालचा बॅकअप पण खराब निघू शकतो. गुगल ड्राइव्हवर सिंक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, लॉक झालेली फाइल पण तशीच सिंक होते, जुनी व्हर्जन साधारण ३० दिवस मिळते, ती मदत झाली, पण नुसती तेवढ्यावर पेढी ठेवायची नाही.

आता हे कोणीच करत नाही ते. तीन महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर रिस्टोर करून बघा, नुसती फाइल दिसते म्हणून समाधान मानू नका, कंपनी उघडा, शेवटचं बिल बघा, ट्रायल बॅलन्स जुळवा, किती वेळ लागला तो लिहून ठेवा. टॅली व्हॉल्ट म्हणजे टॅलीचा डेटा कुलूपबंद करायची सोय, ती लावली असेल तर तिचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, तो हरवला तर चांगला बॅकअप असूनही डेटा उघडणार नाही.

शिरतात कुठून ते पण बघा. सगळ्यात मोठं दार म्हणजे रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून ऑफिसचं मशीन चालवायची विंडोजची सोय, मालकाला घरून टॅली बघायची असते म्हणून राउटरवर तिचं ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडून देतात आणि पासवर्ड दुकानाचं नाव नि १२३, हे लगेच बंद करा, घरून लागतच असेल तर व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा सुरक्षित खाजगी रस्ता) घ्या आणि ओटीपीवालं लॉगिन लावा. एनीडेस्क, ज्यावरून सपोर्टवाला लांबून तुमचं मशीन बघतो, ते त्याचं काम झालं की बंद, कायमचा पासवर्ड देऊन ठेवायचा नाही. क्रॅक, म्हणजे लायसन्स तोडून फुकट चालवलेली टॅली आणि विंडोज तर अजिबात नको, स्टॉप डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरलं. जीएसटी नोटीस म्हणून मेलमध्ये झिप आली तर उघडायची नाही, नोटीस खरी असेल तर पोर्टलवर दिसतेच. मुनीमजींच्या लॉगिनला ॲडमिन हक्क देऊ नका. आणि अपडेट थांबवू नका, मे २०१७ मधे वॉनाक्राय आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमधेच आला होता, ज्यांनी टाकला नव्हता त्यांचं गेलं. विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या मशीनचा विचार करा.

तुमची काही चूक नसताना पण अडकू शकता बरं. जुलै २०२४ मधे लहान बँकांना सिस्टीम पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर रॅन्समवेअर आलं आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे पेमेंट काही काळ बंद पडले, त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या, म्हणून सगळा व्यवहार एकाच खात्यावर ठेवू नका. छापील बिलबुक, पार्ट्यांचे नंबर आणि सीएचा नंबर कागदावर पाहिजेत.

आणि झालंच तर, आधी लॅनची वायर काढा, वायफाय बंद, बाकीच्या मशीनच्या पण वायरी काढा. घाबरून बॅकअपची डिस्क त्या मशीनला लावू नका, ती पण जाते, इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. स्क्रीनवरच्या धमकीचा फोटो काढा, लगेच फॉर्मॅट मारू नका. १९३० वर फोन करा, सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाका, आणि कंपन्या-संस्थांनी सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) ६ तासांच्या आत कळवायचं असा २०२२ पासून नियम आहे. नो मोअर रॅन्सम या साइटवर लॉक झालेली एक फाइल आणि धमकीची चिठ्ठी टाकली तर ती फाइल उघडायची किल्ली उपलब्ध आहे का ते फुकटात कळतं. पैसे देऊ नका असंच मी सांगेन, दिले तरी डेटा येईल याची काही गॅरंटी नाही.

बॅकअप जुना निघाला तरी हात टेकू नका. विक्री जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-१ मधून काढता येते, खरेदी जीएसटीआर-२बी मधून, ई-वे बिल पोर्टलवर असतात, बँकेचं स्टेटमेंट मिळतं आणि सीएकडे मागची टॅली असते, यावरून बरंचसं परत उभं राहतं, फक्त रोखीचं आणि स्टॉकचं हातानेच जुळवावं लागतं. जीएसटीचं रेकॉर्ड त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचं असतं, म्हणून जुन्या वर्षांचा डेटा पण सोडून चालणार नाही. लॉक झालेली मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा, पुढे कधी किल्ली निघाली तर उपयोगी पडेल, नवीन डिस्कवर विंडोज टाका, सगळे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला, मग टॅली रिस्टोर करा, आणि ऑफिसातलं प्रत्येक मशीन साफ झाल्याशिवाय एकही लॅनला परत जोडू नका.