बर्फ पडायच्या आधी रानात जाताना

आधी बॅटरी घ्या. पिशवीत टाका आणि मग पुढचं वाचा.

इथे अमेरिकेत, मिनेसोटात नोव्हेंबरमध्ये पाहुणे आले की पंचाईत होते. पानगळीचे रंग संपलेले असतात आणि बर्फ आलेला नसतो. गेल्या वर्षी सांगलीहून मामा आले ते खास बर्फ बघायला, आणि बर्फाचा पत्ताच नाही. रोज सकाळी पडदा सरकवून बघायचे आणि गप्प चहा प्यायचे. शेवटी मी त्यांना घेऊन लेक सुपीरिअर या तलावाच्या काठी, गूजबेरी फॉल्सचे धबधबे बघायला गेले. मिनिॲपोलिसहून तीन तासांचा रस्ता. तिथे माझी जी फजिती झाली, तिच्यामुळे ही यादी.

टोपी, हातमोजे, पाणी वगैरे सांगत बसत नाही. कपडे एकावर एक घाला, अंगाला लागून सुती नको. घामाने भिजलं की थांबल्याक्षणी हुडहुडी भरते. पँट मोज्यात खोचा. थंडीत कुठल्या गोचिड्या, असं मीही म्हणायचे. पण जमीन बर्फाने झाकली जाईपर्यंत, जरा ऊबदार दिवस मिळाला की हरणांवरच्या त्या गोचिड्या गवताच्या टोकाशी वाट बघत बसलेल्या असतात, आणि लाइम रोग त्यांच्यामुळेच होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत नीट बघा.

बुटांवर चढवायचे काटे मिळतात, ते घ्या. बर्फ पडला नाही म्हणजे बर्फ नाही असं समजू नका. धबधब्याचे तुषार दगडांवर गोठून काचेसारखा थर धरतात, त्यावर बर्चचा ओला पाला पडलेला असतो, खालचं काही दिसत नाही. पडाल.

केशरी जाकीट. भडक, डोळ्यांत खुपेल असं. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारच्या आसपास बंदुकीने हरणं मारायचा हंगाम सुरू होतो. शिकाऱ्यांना कायद्याने केशरी किंवा गुलाबी घालावंच लागतं, तुम्हीही घाला. तपकिरी कोट घालून तपकिरी जंगलात फिरू नका, एवढं कळायला हवं. जायच्या आधी त्या पार्कात किंवा त्या वाटेवर शिकार चालू आहे का, तेही बघून घ्या. मामांना जाकीट दिलं तर म्हणाले, "दिंडीला निघालोय का आपण?" पण घातलं.

बॅटरी घेतली ना? हे पुन्हा का विचारतेय ते सांगते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी पावणेसहाला मावळणारा सूर्य रविवारी पावणेपाचला मावळतो, आणि महिन्याच्या मध्याला साडेचारच्या आसपासच. मला हे माहीत नव्हतं का? दहा वर्षं राहतेय मी इथे. तरी जेवून दोनला चालायला सुरुवात केली, कारण डोक्यातलं घड्याळ ऑक्टोबरचंच होतं.

आणि वाटेत वेळ जातोच. उघड्या मातीतून रात्रीत बर्फाच्या सुया उगवलेल्या असतात, बोटभर उंच, डोक्यावर मातीचे कण घेऊन. त्यांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. मामा मुद्दाम त्यांच्यावरूनच चालत होते. मग ससा दिसला. इथला स्नोशू ससा हिवाळ्याआधी पांढरा होतो, पण बर्फ बघून नाही, दिवस लहान होतात त्यावरून. त्यामुळे बर्फ लांबला की बिचारा वाळक्या पाल्यात चुन्याच्या ढेकळासारखा उठून दिसतो, आणि स्वतःला वाटतं आपण लपलोय. अगदी स्तब्ध. मामा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "यानंही तिकीट आधीच काढलंय वाटतं."

परत फिरलो तेव्हा स्प्रूसच्या झाडांखाली अंधार झालाच होता.

"बॅटरी आहे ना गं?" मामांनी विचारलं.

"आहे की, साठ टक्के," मी म्हटलं.

ते टॉर्चबद्दल विचारत होते. मी फोन बघून उत्तर दिलं. दहा मिनिटांत तो फोनही बंद पडला, कारण गारठ्यात फोनचा जीव असा अचानकच जातो. मामांचा फोन गाडीत चार्जिंगला. उरलेली वाट आम्ही एकमेकांचा हात धरून, पायाने दगड चाचपत उतरलो. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि खाली नदीचा आवाज.

म्हणून बॅटरी. कपाळावर बांधायची, म्हणजे हात मोकळे राहतात. माणशी एक, दोघांत एक नाही. सेल लिथियमचे, साधे थंडीत मान टाकतात. निघताना घरीच लावून बघा. फोन म्हणजे बॅटरी नव्हे. तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

बाकी थर्मास, चिवडा, गाडीत कोरडे मोजे. परतीचा वेळ घरीच ठरवा आणि कुणाला तरी सांगून जा. अंधारात रस्त्यावर हरणं येतात, गाडी सावकाश. घरी आल्यावर पिशवी रिकामी कराल तेव्हा बॅटरी बाहेर काढू नका. तिथेच राहू दे.