कारल्याचं बी रुजत नव्हतं: गोराईच्या वाडीत लागू पडलेला उपाय

जानेवारीअखेर टोकलेलं उन्हाळी कारलं 15 दिवसांत 10 पैकी 3 जागीच उगवलं. बियाणं बदललं, पाणी वाढवलं. उरलेलं बी कुजलं. वैताग नुसता! कारणं दोन: जाड टरफल आणि रात्रीचा गारवा.

आधी नेलकटरने बीच्या टोकाकडची कड जराशी चिमटायची. आतला पांढरा गर दुखावला तर बी गेलं. मग 12 तास कोमट पाण्यात, नंतर ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात, घरात उबेला. फडकं दमट हवं, निथळतं नको (इथेच बहुतेकांचं चुकतं). चौथ्या दिवसापासून मोड दिसतात. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) पिशवीत 2 सेंमी खोल, मोड खाली. दोन खरी पानं (बीतून निघालेल्या पहिल्या जोडीनंतरची) आली की आळ्यात. मुळाभोवतीचा गोळा फुटू द्यायचा नाही.