थंडीच्या पहाटे मिनी ट्रॅक्टर: आधी तेल गरम, मग ब्लोअर

डिसेंबर-जानेवारीत तासगाव, पलूस, खानापूर, मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागांत मणी फुगत असतात. भुरी रोगाच्या धास्तीनं आपण पहाटेच फवारणीचा ब्लोअर जोडून शेडबाहेर पडतो. याच दिवसांत मिनी ट्रॅक्टरच्या औजार उचलणाऱ्या लिफ्टच्या आणि हायड्रोलिक पंपाच्या तक्रारी वाढतात. ट्रॅक्टर चालू झाला म्हणजे तो कामाला तयार झाला, ही आपली समजूत त्यामागं असते. इंजिन मिनिटभरात बोलायला लागतं. गिअरबॉक्समधलं तेल मात्र अजून रात्रीचंच असतं.

थंडीत बरणीतली काकवी ओतायला गेलं की ती कशी सावकाश, जड धारेनं येते ते आठवा. बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत गिअर, ब्रेक आणि लिफ्ट या सगळ्यांना एकच तेल असतं आणि हायड्रोलिक पंप ते जाळीतून ओढून घेतो. तेल घट्ट असलं, त्यात जाळी कचऱ्यानं भरलेली असली, की पंपाला पुरेसं तेल पोचत नाही. मग आत पोकळ बुडबुडे तयार होतात आणि दाबाखाली फुटताना पंपाच्या धातूचे बारीक टवके काढतात. बाहेर त्याची खूण एकच, घूंऽऽ असा कण्हल्यासारखा आवाज. सोबत लिफ्ट धक्के खात वर येते. हा आवाज ऐकून रेस वाढवू नका, कमी करा.

माझ्या ट्रॅक्टरचा पंप असाच गेला. दोन थंड्या तो सकाळी कण्हायचा, ऊन वर आलं की गप्प व्हायचा, म्हणून मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या वर्षी ऐन फवारणीच्या आठवड्यात लिफ्ट उचलेना. फिटरनं जाळी काढून हातावर ठेवली, तर तिच्यावर काळा चिखल आणि उन्हात चमकणारा धातूचा कीस होता. तेव्हापासून पावसाळा संपला की जाळी धुणं मी चुकवत नाही. तेलाची पट्टीही उजेडात धरून बघा. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. वरून भर घालून भागणार नाही, सगळं तेल बदलावं लागेल. आणि बदलताना पुस्तिकेत लिहिलेलंच तेल घाला. ब्रेक त्याच तेलात बुडालेले असतील, तर साधं इंजिन ऑइल घातल्यावर ब्रेक ओरडतात आणि लवकर झिजतात.

आता पहाटेचा क्रम. इंजिनाला हीटर असेल तर त्याचा दिवा विझेपर्यंत थांबा, क्लच पूर्ण दाबा आणि मग सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाही घेतला तर अर्धा-एक मिनिट बॅटरीला दम खाऊ द्या. चालू झाल्यावर हजार-बाराशे आरपीएमवर पाच मिनिटं तसाच राहू द्या. त्यानंतर लिफ्ट रिकामीच चार-पाच वेळा सावकाश वर-खाली करा. लिव्हर टोकाला ताणून धरू नका. आवाज साफ झाला की मगच औजार उचला. पीटीओ, म्हणजे ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, कमी रेसवर जोडा आणि हळूहळू ५४० आरपीएमपर्यंत न्या. भरल्या रेसवर एकदम जोडला तर गार गिअर आणि ब्लोअरचा शाफ्ट दोघांनाही झटका बसतो. एवढ्यानं फवारणीला उशीर होत नाही. पानं दवानं निथळत असताना मारलेलं औषध तसंही ओघळून जमिनीवर जातं.

काहीजण गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकतात. हे मला अजिबात पटत नाही. त्याच्याशिवाय इंजिन थंडीत नीट तापतच नाही, डिझेल अर्धवट जळून धूर होतो आणि इंजिन ऑइल पातळ होतं. गरम होण्याचं कारण बहुधा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाला, ढिला पट्टा किंवा साधं पाणी घालून आत धरलेला गंज असतं. कूलंट घाला.

डिझेल गोठेल ही भीती मात्र आपल्याकडे नको. बर्फ हटवायला ट्रॅक्टर लावावा लागतो अशा मुलखाचा तो प्रश्न आहे. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास डिझेल काढलं, ते त्यासाठीच. आपला त्रास पाण्याचा आहे. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आत दव धरतं. म्हणून टाकी संध्याकाळीच भरा आणि फिल्टरच्या तळाचं पाणी आठवड्याला सोडा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या बाजूला, जिथं स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण धरतात, तिथं फवारणी पंप आणि नळ्यांतलं पाणीही रात्री काढून ठेवावं.

बॅटरी उभ्या ट्रॅक्टरवर १२.४ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर चार्ज करा. टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाण्यानं धुवा, पुसा आणि व्हॅसलीन लावा.

संध्याकाळी औजार जमिनीला टेकवूनच ट्रॅक्टर बंद करा. सकाळी चेंबरखाली पाचट पेटवून तेल गरम करायचा प्रकार अजून काही ठिकाणी चालतो, तो कृपा करून थांबवा, डिझेलची एक गळती पुरते. आणि गारठा कितीही असो, शेडचं दार उघडल्याशिवाय सेल्फ मारू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, आणि बहुतेक वेळा शेजारच्या खोलीत घरातलं कुणीतरी झोपलेलं असतं.