वाढदिवसाला गॅस बंद, भेळ सुरू

मुलांची स्वयंपाक-पार्टी ठरवताय? पिझ्झाच्या नादी लागू नका. ओव्हनपाशी रांग लागते आणि मुलं कंटाळून सोफ्यावर उड्या मारतात. त्यापेक्षा भेळ. कुरमुरे सकाळीच कोरड्या कढईत मंद आचेवर परता, पूर्ण गार झाले की घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कांदा, टोमॅटो, उकडलेला बटाटा मोठ्यांनीच चिरून ठेवायचा. कोथिंबीर मात्र मुलांना निवडू द्या, 10 मिनिटं घर शांत! प्रत्येकाला वेगळं पातेलं आणि मोठा चमचा. चिंचेची चटणी अगदी शेवटी, नाहीतर फोटो काढेपर्यंत भेळेचा लगदा होतो. तिखट चटणी आपल्या ताब्यात. आणि शेंगदाण्याची कुणाला अ‍ॅलर्जी आहे का, हे आमंत्रण देतानाच विचारून घ्या.