अल्ट्रॉनच्या ड्रोनांविरुद्धचा डेक

इंदूरच्या आमच्या रविवारच्या बैठकीत ‘मार्व्हल चॅम्पियन्स’ (२०१९) हा सगळ्यांनी मिळून खलनायकाशी लढण्याचा पत्त्यांचा खेळ खेळताना सर्वाधिक छळतो तो खलनायक अल्ट्रॉन, कारण तो आपल्याच डेकवरची (पत्त्यांच्या गड्ड्यावरची) पाने उपडी घालून त्यांचे ड्रोन, म्हणजे आपल्यावर चालून येणारे छोटे शत्रू, बनवतो. एका आघातात पडणाऱ्या या ड्रोनांवर मोठे हल्ले वाया जातात. म्हणून प्रत्येक शत्रूवर एकेक आघात करणारे ‘ग्राउंड स्टॉम्प’ हे पान बाळगणारी नायिका शी-हल्क निवडावी. डेक ४० पानांचाच ठेवावा. ५० पर्यंतची मुभा म्हणजे सराफ्याच्या खाऊगल्लीत पोट भरल्यावरही मागवलेली जिलबी. तिची १५ पाने ठरलेलीच असतात. उरलेल्यांत ‘अ‍ॅग्रेशन’ हा आक्रमक पानांचा गट घेऊन ‘चेस देम डाउन’च्या तिन्ही प्रती घालाव्यात, कारण हल्ल्यात शत्रू पडताच ते पान खलनायकाच्या कटावर साचलेला धोका २ ने उतरवते. हल्ल्यात ड्रोन पाडला की स्वतःची एक जखम भरून काढणारी साथीदार टायग्राही हवीच.