छापखाना काढण्याआधी पाण्याची पाळी बघा

सोलापुरात चार मंडळींनी मिळून छापखाना काढायचं ठरवलं की पहिली चर्चा यंत्राची होते. जुनं मिनी ऑफसेट कुठं मिळेल, कुणाचा ट्रेडल (जुनं छोटं छपाईयंत्र) भंगारात निघालाय, डुप्लिकेटर पुण्याहून आणायचा का. आमच्याकडेही महिनाभर हेच चाललं होतं. जागा ठरवताना मात्र घरमालकाला आधी विचारायचं ते वेगळंच : इथं पाणी कितव्या दिवशी येतं, आणि किती वाजता? पोस्टरचा सार्वजनिक छापखाना म्हणजे बहुतेक करून स्क्रीन प्रिंटिंग, फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून रंग ओढून छापायचं. आणि स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे निम्मं धुणं. एक फ्रेम नीट उघडायला, म्हणजे अक्षरांच्या जागची जाळी धुऊन मोकळी करायला, आणि काम झाल्यावर साफ करायला आम्हाला चार-पाच बादल्या लागतात. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या भागात हजार लिटरची टाकी नसेल तर रंग विकत घ्यायची घाई करू नका. टाकी डोक्याच्या वर बसवा, म्हणजे पाइपला जोर मिळतो. बोअरचं पाणी धुवायला चालतं, फक्त शेवटचा हात नळाच्या पाण्याचा द्या, नाहीतर जाळीवर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फजितीतून सांगतोय. पहिल्याच वर्षी एका मोर्चाचं काम होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी वाटायचं. टाकीत तळाशी वीतभर पाणी. फ्रेम घाईत धुतली, मोठी अक्षरं उघडली, रंग ओढायला सुरुवात केली. चारशे प्रती वाळत टाकल्यावर एका ताईंनी विचारलं, ‘हे मोचा काय आहे ओ?’ रेफ उघडलाच नव्हता. रात्रभर सहाजण काळं स्केचपेन घेऊन चारशे रेफ काढत बसले होते. तेव्हापासून धुतलेली फ्रेम उजेडाकडे धरून रेफ, अनुस्वार आणि उकार मोजल्याशिवाय आम्ही रंगाचा डबा उघडत नाही. मराठी मजकूर लावताना अक्षराची जाडीही त्या बेतानेच निवडा. रेफ आणि मात्रा कायम मूळ अक्षरापेक्षा बारीक असतात आणि पहिल्या त्याच बुजतात.

जागेबद्दल पुढचं. पूर्व भागात बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेड भाड्याने मिळतात, छत उंच असतं, उजेड चांगला असतो, पोस्टर वाळवायला तारा बांधता येतात. मोह होतोच. पण शेजारची शेड चालू आहे का ते बघा. चालू मागाचा सुताचा बारीक भुगा हवेत तरंगत असतो आणि ओल्या रंगावर येऊन बसतो. लाल पोस्टरला मिशा फुटल्यासारखं दिसतं. शेजारचे माग बंद करा म्हणून सांगता येत नाही, त्यांचं पोट आहे त्यावर. आम्ही त्या बाजूच्या खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. सोलापुरात चादरीला काय तोटा! विरुद्ध बाजूची खिडकी आणि हवा बाहेर फेकणारा पंखा मात्र चालू हवा, कारण टर्पेंटाइन आणि रंग पातळ करायच्या रिड्यूसरच्या वासाने तासाभरात डोकं चढतं. त्या खोलीत विडी-सिगारेट, उदबत्ती, चहाचा स्टोव्ह काही नाही. आग विझवायचं नळकांडं दाराशी टांगा, आतल्या कोपऱ्यात नको.

फ्रेम आणि जाळी या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. लाकडी फ्रेम स्वस्त पडते, पण रोज भिजून-वाळून पीळ धरते. चार फ्रेम घ्यायच्या तर दोन तरी ॲल्युमिनियमच्या घ्या. जाळी घेताना सेंटिमीटरला धागे किती ते विचारायचं. कागदावर बारीक मजकूर असेल तर ९० ते १२० धाग्यांची, कापडी बॅनर आणि झेंड्यांना ४० ते ५० धाग्यांची. हे गणित इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे यंत्रमागावर आयुष्य काढलेले एक अण्णा आहेत. त्यांनी पहिल्यांदा जाळी हातात घेतली, डोळ्यासमोर धरली आणि विक्रेत्याने सांगितलेला नंबर खोटा आहे म्हणाले. भिंग लावून मोजलं तर खरंच. जाळी ताणायचं काम आता त्यांच्याचकडे. ताणा, म्हणजे जाळीचे उभे धागे, फ्रेमच्या उभ्या कडेला अगदी समांतर हवा, नाहीतर सरळ रेषेला करवतीसारखे दात येतात. ‘ताणा वाकडा तर सगळं वाकडंच की ओ,’ एवढंच ते बोलतात आणि पुन्हा खिळे उपटतात.

जाळीवर थर द्यायचं, उजेडाने घट्ट होणारं इमल्शन बायक्रोमेटवालं बाजारात स्वस्त मिळतं. माझं स्पष्ट मत, सार्वजनिक जागेत ते आणूच नका. कामाला येणारी पोरं हातमोजे घालत नाहीत, त्या मिश्रणातलं क्रोमियम कातडीला जखमा करतं, कर्करोगालाही कारण होतं, आणि धुतलेलं पाणी शेवटी गटारातच जातं. डायझो इमल्शन थोडं महाग पडतं, ते घ्या. लावलेली फ्रेम अंधारात आडवी वाळवायची, उभी नको, थर खाली ओघळतो. डिझाइन बटर पेपरवर लेझर प्रिंट काढून वापरलं तरी चालतं, काळं गच्च काळं असलं म्हणजे झालं. आणि सोलापूरचं ऊन! एक्सपोज करायचं, म्हणजे डिझाइन ठेवून फ्रेमला उजेड द्यायचं, यंत्र विकत घ्यायची गरजच नाही, काच आणि गच्ची पुरते. फक्त जानेवारीतलं ऊन आणि एप्रिलमधलं ऊन यांत फार फरक आहे, म्हणून दर महिन्याला एकदा पट्टीची चाचणी करा : फ्रेमवर पुठ्ठा झाकून वीस-वीस सेकंदांनी थोडाथोडा सरकवत जायचा, धुतल्यावर कुठली पट्टी स्वच्छ उघडली ते बघायचं आणि तो आकडा भिंतीवर लिहून ठेवायचा. ऊन जास्त झालं तर बारीक रेषा उघडतच नाहीत. कमी झालं तर सगळा थरच पाण्याबरोबर निघून जातो. जुनी फ्रेम साफ करायला ब्लीच लागतं. त्याच्या शेजारी संडासाचं ॲसिड ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो, आणि घाईत हात कुठल्या बाटलीला लागेल सांगता येत नाही.

मे महिन्यात छपाई सकाळी सहाला सुरू करा आणि दहाला बंद. दुपारी रंग कागदावर वाळायच्या आत जाळीतच वाळतो. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांखाली एकेक नाणं चिकटवा. जाळी कागदाला टेकून न राहता स्क्वीजी (रंग ओढायची रबरी पट्टी) फिरेल तिथंच टेकते आणि लगेच सुटते, अक्षर फुटत नाही.

कागदाचं सांगतो, कारण इथं नवखे हमखास फसतात. पोस्टरला डबल डेमी घ्या, २३ बाय ३६ इंच. त्याचे चार तुकडे केले की साडेअकरा बाय अठराचं पोस्टर होतं, म्हणजे हजार प्रतींना २५० ताव, अर्धा रीम. वाया जाणारे धरून २६५ मोजा. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) डबल डेमीचा ५०० तावांचा रीम १८.७ किलोच्या आसपास भरायला हवा. आम्हाला एकदा ७० म्हणून आलेला रीम १६ किलो भरला, म्हणजे तो ६० जीएसएमचा होता. भांडण झालं नाही, फक्त तेव्हापासून वजनकाटा दाराशीच असतो. कापायला कटिंगवाल्याकडे द्या, घरी सुरीने कापून चारही बाजू काटकोनात येत नाहीत आणि दुसरा रंग पहिल्यावर बसत नाही.

आता भाषा. या शहरात मराठीत पोस्टर काढून विषय संपत नाही. विडी कामगार बायकांपर्यंत जायचं तर तेलुगू लागतं, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, नई जिंदगीत उर्दू. म्हणून यादीत चार माणसं आधीच नावानिशी हवीत, प्रत्येक भाषेचं प्रूफ त्या भाषेत घरी बोलणाऱ्यानेच वाचायचं. डीटीपीवाला कितीही हुशार असला तरी तेलुगू जोडाक्षर तुटलेलं त्याला दिसत नाही, आणि उर्दू ओळ उलटी लागली तर त्याला ती नक्षीच वाटते. बालू हा टंक देवनागरी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू लिप्यांत एकाच वळणाचा मिळतो, फुकट आहे, आणि जाड असल्याने जाळीवर छान उघडतो. फाइल देताना मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून द्या, नाहीतर दुसऱ्या संगणकावर ‘क्ष’च्या जागी चौकोन येतात. पण कर्व्ह केल्यावर चूक सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. हे दोनदा विसरून झालंय आमचं.

कायद्याच्या कामाला एक माणूस नेमा, शक्यतो वकिली शिकणारा कुणी. निवडणुकीच्या पोस्टर-पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापलेच पाहिजेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ क. प्रकाशकाने सही केलेलं आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत आधी हातात घ्यायचं, मगच छापायचं, आणि छापल्यावर त्याची एक प्रत पोस्टरसह जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. चुकलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आचारसंहितेच्या दिवसांत कोऱ्या घोषणापत्रांचा गठ्ठा काउंटरवरच असू द्या. मासिक-पाक्षिक छापणार असाल तर १८६७ चा जुना कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून नवा लागू आहे आणि नोंदणीचं काम ऑनलाइन झालंय.

निवडणूक नसली तरी आम्ही प्रत्येक पोस्टरच्या खाली छापखान्याचं नाव टाकतो. नवी पोरं म्हणतात, कशाला, उगाच पोलीस येतील. चार हुतात्म्यांच्या चौकातून रोज ये-जा करणाऱ्यांनी हे म्हणावं! त्या चौघांतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ पत्राचे संपादक होते. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. बिननावी पत्रक आम्ही छापत नाही, कुणी कितीही जवळचा असला तरी.

काय छापायचं नाही, हे पहिलं काम यायच्या आधी ठरवा आणि पाच जणांच्या सहीने लिहून ठेवा. आमच्या कागदावर तीन ओळी आहेत : जात-धर्मावरून शिवीगाळ नाही, कुणाचा खासगी फोन नंबर त्याला विचारल्याशिवाय नाही, आणि देणाऱ्याने सही केल्याशिवाय काम नाही. हे आधी लिहिलं नसतं तर एका ओळखीच्या माणसाला नकार देताना फार जड गेलं असतं. तो चिडला तो चिडलाच, पण भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवता आलं.

पैशाचं गणित पोस्टरवर बसत नाही, हे मान्य करून टाका. संघटनेकडून कागद-रंगाचे पैसे घ्यायचे, चित्रकारांनी स्वतः राबून छापायचं आणि दहातल्या दोन प्रती छापखान्याला द्यायच्या. भाडं निघतं ते पावती पुस्तकांवर. गणपतीच्या आधी दोन महिने वर्गणीची पुस्तकं, वर्षभर सोसायट्या आणि युनियनची. म्हणून त्या भंगारातल्या ट्रेडलची चौकशी जरूर करा, पण छपाईसाठी नको. नंबर टाकायला आणि फाडायची टिंबं मारायला त्याच्यासारखं यंत्र नाही. चालवताना बाही कोपराच्या वर आणि ओढणी कमरेला. ट्रेडलला बोटं ओळखू येत नाहीत. जानेवारीत हुतात्मा दिन आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा एकाच आठवड्यात येतात, एप्रिलमध्ये १४ तारीख, लगेच १ मे. या तीन हंगामांचा कागद महिनाभर आधी भरा. रोजमेळ रोज संध्याकाळी लिहायचा, दाराला लागूनच, म्हणजे कुणी न लिहिता बाहेर पडत नाही.

शेवटी खळ. मैदा एक वाटी, पाणी सहा वाट्या, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत. गाठी झाल्या तर धोतराच्या फडक्यातून गाळा. महापालिकेच्या आणि सरकारी भिंतींवर लावायचं नाही, मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे. खासगी भिंतीला मालकाची दोन ओळींची परवानगी खिशात ठेवा, पण तेवढ्याने भागेल असं धरू नका, महापालिकेत आधी विचारून घ्या. जुने लोक खळीत मोरचूद घालायला सांगतात, कीड लागत नाही म्हणून. घालू नका, ते विषारी असतं आणि पोस्टरं शेळ्या खातात. भवानी पेठेत आम्ही पहाटे लावलेली पोस्टरं नऊपर्यंत शेळ्यांनी निम्मी खाल्ली होती, खालच्या ओळीतल्या पत्त्यासकट. आता आम्ही शेळीची मान पोचणार नाही इतक्या उंचीवर लावतो आणि शिडीही यादीत धरतो.